वरच्यांच्या धरसोडीची भरपाई तुम्ही का करावी?

प्रिय ‘अस्वस्थ’, देवगड,

साडेचार वर्षे तुम्ही पुण्यातल्या एका गेम स्टुडिओसाठी घरून काम करत आहात आणि वर्षभरात संचालकांनी तिसऱ्यांदा गेमचा आराखडा बदलला आहे. बाजारात एखादा गेम गाजला की आपलाही तसाच हवा असा हुकूम येतो, पण टीमला न विचारता जाहीर केलेली प्रकाशनाची तारीख तेवढी हलत नाही. विजयदुर्गला जाऊन, ओहोटीच्या वेळी तटाच्या पायथ्याशी उभे राहून तुम्ही शेवाळाचे आणि झिजलेल्या दगडांचे फोटो काढलेत, त्यावरून गेमसाठी संगणकावर संध्याकाळच्या उन्हातला किल्ला उभा केलात, आणि तो एका बैठकीत बाद झाला. भाऊ म्हणतो, घरबसल्या पगार मिळतोय, सोडू नकोस. तुम्ही विचारता, ‘मीच कमी पडते का?’

नाही, तुम्ही कमी पडत नाही. बाद झालेला किल्ला वाईट होता म्हणून गेला नाही. आपल्याला नेमका कोणता गेम करायचा आहे हे वरच्यांचे ठरलेले नव्हते म्हणून गेला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या गेम कंपनीचे उदाहरण पाहा. जादा कामाची सक्ती करणार नाही असे सांगून त्यांनी शेवटच्या महिन्यांत सहा दिवसांचा आठवडा लावला आणि १० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ हा गेम बाजारात आणला. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशनवर, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रावर, तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकांनी व्हिडिओतून माफी मागितली आणि टीमला दोष देऊ नका, निर्णय आमचा होता, असे सांगितले. तुमचे संचालक असे कधी म्हणतील याची वाट पाहू नका, पण जबाबदारी कोणाची हे मनाशी पक्के करा.

तुम्ही रात्री जागून प्रत्येक बदल वेळेत बसवता, त्यामुळे त्या बदलाची खरी किंमत वर कोणाला दिसतच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. यापुढे बदल तोंडी आला तर त्याच दिवशी प्रोड्युसरला, म्हणजे कामाचे वेळापत्रक सांभाळणाऱ्याला, मेल करा: हा बदल केल्यास इतके दिवस लागतील, तारीख तीच ठेवायची असेल तर यातले काय वगळायचे ते कळवा. मेलमध्ये तक्रारीचा सूर नको, फक्त हिशेब हवा. उत्तर आले नाही तर जुन्या आराखड्यावर नेहमीच्या वेळेत काम चालू ठेवा.

नोकरी सोडावी असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र रागाच्या भरात नव्हे. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो आणि तुम्ही त्यापासून काही महिनेच दूर आहात. तब्येत साथ देत असेल तर तेवढे थांबा आणि शोध आजच सुरू करा. पगार उशिरा होऊ लागला आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, ते मला ओझरते वाटले नाही. पीएफचे पासबुक उघडून दर महिन्याची रक्कम जमा होते का ते पाहा, आणि पगारातून कापलेला कर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे जमा दिसतो का तेही तपासा. तिथे खंड दिसला तर ग्रॅच्युइटीसाठीही थांबू नका. भावाला हेच पासबुक दाखवा, म्हणजे घरबसल्या पगाराचा भरवसा किती ते त्यालाही कळेल.

बाद झालेला किल्ला स्टुडिओच्या मालकीचा असल्यामुळे परवानगीशिवाय पोर्टफोलिओत घालता येणार नाही. विजयदुर्गचे फोटो तुम्ही स्वतःच्या कॅमेऱ्याने काढले आहेत; करारातली कलमे नीट वाचून, स्वतःच्या संगणकावर, त्यांतून नवे दृश्य उभे करा.

टीममधल्या दोन नवख्या मुलांना वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटेल, असे तुम्ही लिहिता. त्यांना मेल कशी लिहायची ते शिकवा, आपल्या फायली नीट नावे देऊन सोपवा. त्यांच्यासाठी स्वतः अडकून राहू नका. राजीनामा देताना गेमच्या श्रेयनामावलीत तुमचे नाव राहील असे लेखी मागून घ्या, कारण प्रकाशनाआधी गेलेल्यांची नावे या धंद्यात अनेकदा गळतात.