सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसले नाही, तरी अपेंडिसायटिसचे निदान कसे होते?

दिंडोरीजवळ राहणाऱ्या तुमच्या १९ वर्षांच्या भावाचे पोट कालपासून दुखत आहे, नाशिकला केलेल्या सोनोग्राफीत ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असे लिहून आले आहे, आणि तरीही सर्जन त्याला दाखल करायला सांगत आहेत. नुसते पोट तपासून असे निदान होते का, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशिकमध्येच सर्जन आहे. निदान होते, आणि दाखल करण्याचा सल्ला मला योग्य वाटतो.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेली बोटासारखी नळी, आणि तिला सूज येणे म्हणजे अपेंडिसायटिस. ते निरोगी दिसणे वेगळे आणि ते दिसलेच नाही असे लिहून येणे वेगळे. आतड्यातील वायूमुळे, किंवा ते मोठ्या आतड्यामागे असल्यामुळे, पुष्कळदा ते दिसत नाही. अशा अहवालावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.

आमचा मोठा आधार असतो तो दुखण्याच्या क्रमाचा. अपेंडिक्सचे तोंड बंद होऊन ते आतून ताणले जाते, तेव्हा तो ताण कळवणाऱ्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीला बेंबीभोवती मोघम दुखते आणि घरचे लोक त्याला गॅस किंवा ॲसिडिटी समजतात. पुढे, बहुधा दिवसभराच्या आत, सूज पोटाच्या अस्तरापर्यंत पोहोचली की दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि रुग्ण जागा बोटाने दाखवू शकतो. दुखणे सुरू झाल्यावर अन्न नकोसे होते, मळमळ किंवा एखादी उलटी होते आणि नंतर बेताचा ताप येतो. याउलट आधी उलट्या-जुलाब आणि मग दुखणे असेल, तर मी प्रथम गॅस्ट्रोचा विचार करतो. म्हणून भावाला काय होते आहे यापेक्षा कशानंतर काय झाले, हे डॉक्टरांना नीट सांगा.

मुतखड्याचा रुग्ण तळमळतो, अपेंडिसायटिसचा रुग्ण मात्र पाय पोटाशी घेऊन निश्चल पडून राहतो. येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा कळ आली का, असे मी आवर्जून विचारतो, कारण धक्क्याने सुजलेले अस्तर दुखावते. कमरेच्या हाडाच्या उजव्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंतच्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, अमेरिकन सर्जन मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णन केलेला बिंदू आहे. तेथे दाबल्यावर सर्वाधिक दुखते, आणि स्नायू रुग्णाच्या नकळत घट्ट होतात. डावीकडे दाबले असता उजवीकडे दुखणे, हीही खूण आहे. अपेंडिक्स मागे दडलेले असेल तर पोट मऊ लागते, पण उजवी मांडी मागे ताणल्यावर कळ येते. तरुण मुलाच्या बाबतीत वृषणाला पीळ पडला नाही ना, हेही पाहावेच लागते. मुले लाजेने ते सांगत नाहीत आणि तेथे तासांचा उशीरही महागात पडतो.

लक्षणे आणि तपासण्यांना गुण देऊन अपेंडिसायटिसची शक्यता मोजणारा १९८६ चा अल्वाराडो स्कोअर १० गुणांचा आहे. त्यात उजवीकडे दाबल्यावर दुखण्याला २ आणि रक्तातील पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर असण्याला २ गुण आहेत. ७ किंवा अधिक गुण असल्यास शक्यता बळकट होते, ४ किंवा कमी असल्यास ती क्षीण होते. तरीही माझा अधिक विश्वास आहे तो काही तासांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासण्यावर, आणि दाखल करून घेण्याचे एक मुख्य कारण तेच असते. शंका राहिली तर सीटी स्कॅन करता येतो.

तोपर्यंत त्याला खायला देऊ नका, एरंडेल किंवा जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नका. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले तर निदान झाकले जाईल ही भीती बाळगू नका. दुखणे एकाएकी थांबले आणि थोड्या वेळाने सगळे पोट दुखून कडक होऊ लागले, तर अपेंडिक्स फुटले असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.