मावशींच्या केमोला सोबत जाताय ना? मग एवढं बघा

‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. आजारी माणूस सांगत नाही. ‘मंगळवारी मी येतोय, फाइल आणि औषधांची यादी माझ्याकडे द्या’ असं नेमकं बोला.

थर्मामीटर घरात हवाच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरतात. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही.

मावशींच्या उपचारासाठी निधी गोळा करायचं म्हणाल तर:
- मावशींना विचारल्याशिवाय फोटो, रिपोर्ट कुठेही टाकू नका. नवखे हमखास इथेच चुकतात, तेही चांगल्या हेतूने.
- पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात.
- हिशेब पहिल्या देणगीपासून लिहा.

पोस्टर, टी-शर्ट वगैरे नंतर बघू.