बंगळुरूची गाडी, नागपूरचा मे महिना

प्रश्न : काका, मी ३३ वर्षांचा आहे, मिहानमध्ये नोकरी करतो. कॉलेजपासून स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस डोक्यात आहे. नागपुरात मनासारखी मिळाली नाही. बंगळुरूच्या एका डीलरकडे २०१८ ची लाल गाडी आहे, फर्स्ट ओनर, ५८ हजार किलोमीटर. साडेएकवीस लाख सांगतोय. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, इंजिन चालू करून आवाज ऐकवला. आता म्हणतो, कोचीची पार्टी तयार आहे, आजच दोन लाख टोकन टाका, गाडी ट्रेलरने घरपोच देतो. बाबा एसटीच्या हिंगणा कार्यशाळेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, न पाहता गाडी घ्यायची नाही. आरसीचा फोटो सोबत जोडला आहे. टोकन देऊ का? आणि एमएच पासिंगचं, म्हणजे महाराष्ट्राचा नंबर घेण्याचं, कसं करायचं?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आज टोकन टाकू नका. कोचीवाले घेऊन गेले तर वाईट वाटेल, मलाही वाटेल, कारण गाडी तुम्ही मनापासून आणि चांगली निवडली आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये आलेली ही आरएस म्हणजे दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), आणि तेलात चालणाऱ्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे स्वतः गिअर बदलणारा गिअरबॉक्स. पोलो जीटीतल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीपेक्षा हा जास्त टॉर्क सोसतो. अशी गाडी वापरायला मिळावी असं तुम्हाला वाटतं, त्यात काहीच चूक नाही.

पण तुम्ही पाठवलेला आरसीचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. फायनान्सरच्या रकान्यात अजून एका बँकेचं नाव आहे. म्हणजे गाडीवर बोजा आहे, किंवा कर्ज फिटूनही तो उतरवलेला नाही. डीलर म्हणेल, ‘बँकेचं पत्र आहे ना.’ नुसत्या पत्रानं भागत नाही. बँकेची आणि मालकाची सही असलेला फॉर्म ३५ आरटीओत गेला पाहिजे आणि नोंदीतून बँकेचं नाव गेलेलं तुम्हाला परिवहनच्या साइटवर स्वतः दिसलं पाहिजे.

एवढं जोर देऊन सांगतो, कारण हे माझ्या घरात घडलं आहे. २०१३ मध्ये मी उत्तरेतल्या एका शहरातून स्वतःसाठी एक टर्बो सेदान आणली. वाडीच्या वर्कशॉपमध्ये रोज दुसऱ्यांच्या गाड्या तपासत होतो, माझी मात्र फोनवर घेतली. डीलरनं कर्ज फिटल्याचं पत्र दाखवलं होतं. ते खोटं होतं. मूळ मालकाचे हप्ते थकले होते आणि सहा महिन्यांनी बँकेची माणसं वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. पावणेसात लाख गेले, त्यातले तीन लाख बायकोची एफडी मोडून आणलेले होते. डीलरचा फोन लागेना. वकील म्हणाले, केस त्याच्या शहरात जाऊन लढावी लागेल. मी सोडून दिलं. ती एफडी पुन्हा करायला मला चार वर्षं लागली.

आता कायदा बदलला आहे आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. डीलर बंगळुरूचा असला तरी तक्रार नागपुरात. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, मुदत दोन वर्षं. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून टोकन द्यायची वेळ आलीच, तर ती थोडी असावी, फर्मच्या खात्यात जावी, आणि गाडी तपासून नापसंत झाली किंवा बोजा उतरला नाही तर पूर्ण परत मिळेल असं लेटरहेडवर लिहून घ्यावं. कुणा माणसाच्या खात्यात किंवा रोख काही द्यायचं नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर आयकर कायद्यातच बसत नाही.

डीलरला आणखी एक विचारा : तुमच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का? एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी डीलरकडे सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी नं व्हावी लागते. तशी नोंद असेल तर एनओसीचा, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणाऱ्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा, अर्ज डीलरलाच करता येतो. नसेल तर मूळ मालकाशी फोनवर तरी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता गाडीकडे वळतो. बंगळुरूची हवा गाडीला फार सोपी जाते. तिथे कूलिंग थोडं कमजोर असलं तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही. तीच गाडी मे महिन्यात आपल्या ४५-४६ अंशांत व्हेरायटी चौकात उभी राहिली की दुखणं बाहेर येतं. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं हाउसिंग प्लास्टिकचं असतं आणि तिथून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, झिरपतं. टॉर्च मारून त्या भागात वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा. मग एसी पूर्ण ठेवून वीस मिनिटं गाडी उभ्यानं चालू ठेवा आणि स्कॅनरवर, म्हणजे इंजिनच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर, कूलंटचं तापमान पाहत राहा.

स्कॅनर आणि तो चालवणारा स्वतंत्र मेकॅनिक तिथे ठरवून घ्याच, डीलरनं सुचवलेला नको. अशा गाड्यांची ताकद सॉफ्टवेअरनं वाढवतात आणि विकताना पुन्हा मूळ प्रोग्राम घालतात, पण इंजिनच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये किती वेळा प्रोग्राम घातला त्याचा आकडा बहुतेकदा राहतो. जुन्या फॉल्टबरोबर त्या वेळचे किलोमीटरही नोंदलेले असतात. तो आकडा ५८ हजारांच्या वर निघाला तर तिथूनच परत फिरा. डीएसजीचं तेल साधारण ६० हजारांवर बदलायचं असतं, म्हणजे तो खर्च तुमच्या दारात येणार. तो किमतीतून कमी करून मागा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. टायर २२५/४० आर१८ आहेत. बाजूवर चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. टायर मूळचेच असतील तर चारही बदलायचे, नक्षी कितीही शिल्लक दिसो. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२० नं जाताना जुन्या टायरची जोखीम घेऊ नका. हे मी तुमच्या बाबांसाठीही लिहितोय.

पासिंगचं थोडक्यात. कर्नाटकातून फॉर्म २८ ची एनओसी, सोबत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, मग नागपुरात नवा नंबर. मालकी बदलाचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, नव्या नंबरासाठी कायद्यानं १२ महिने मिळतात. महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरावा लागेल. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला मूळ दर १३ टक्के आहे, त्यात गाडीच्या वयानुसार सूट. सौदा ठरवायच्या आधी आरटीओत जाऊन तुमच्या गाडीचा नेमका आकडा काढून आणा, कारण तो किमतीत धरावा लागेल. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो पैसा कुणाचा, हे आत्ताच लिहून ठेवा. विमा कंपनीलाही मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत कळवा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

ट्रेलर नको. सगळं नीट निघालं तर गाडी चालवत आणा. हैदराबादला मुक्काम केला तर सुमारे अकराशे किलोमीटर दोन दिवसांत आरामात होतात, आणि बुटीबोरीला पोचेपर्यंत गाडी तुम्हाला कळलेली असेल.

विमानाची तिकिटं, एक रात्र आणि मेकॅनिक, हे सगळं साडेएकवीस लाखांपुढे फार थोडं आहे. फक्त एक तिकीट जास्त काढा. सकाळी डीलरकडे गाडी सुरू न करता ठेवायला सांगा, आणि पोचल्यावर बॉनेट थंड आहे का हे बाबांना हात लावून पाहू द्या, कारण आधीच गरम केलेलं इंजिन सुरू होतानाचं दुखणं लपवतं. किल्ली त्यानंतर फिरवा.