नोंद आहे, कबर नाही

प्रश्न : तात्या, मागच्या अंकात तुम्ही पुतणीकडं आयर्लंडला जाऊन आल्याचं ओझरतं लिहिलं होतं. तिथल्या ट्यूम गावात लहान मुलांच्या हाडांसाठी खोदकाम सुरू झाल्याचं पेपरात वाचलं. नेमकं प्रकरण काय आहे? आणि एवढी मुलं गेली तरी गावाला कळलं कसं नाही?
— एक वाचक, विटा

कळलं नाही असं कोण म्हणालं? खेड्यात कळत सगळ्यांना असतं. बोलायचं कुणी आणि कुणापुढं, तिथं घोडं अडतं.

आधी तिथल्या मयताचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पुतणी गॉलवेला नर्स आहे, शहराबाहेर एका खेड्यात भाड्यानं राहते. घरमालकीण सत्तरीची. रोज सकाळी रेडिओवर त्या भागाचं केंद्र लावायची, आणि ठरल्या वेळी निधनवार्ता सुरू व्हायच्या. नाव, माहेरचं नाव, वाडी, अंत्यदर्शन कुठं, प्रार्थना किती वाजता, दफन कुठल्या दफनभूमीत. तेवढा वेळ बाई हातातली किटलीसुद्धा खाली ठेवायची. ओळख जेमतेम असली तरी गाडी काढून जायची. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, ‘वाईट झालं’ म्हणायचं, चहा घ्यायचा आणि परतायचं. पश्चिमेकडच्या काही खेड्यांत अजून खड्डाही शेजारीपाजारीच खणतात. आपल्याकडं नाही का, मयत झालं की न सांगता गोवऱ्या आणि सरपण येऊन पडतं? गेलेल्या माणसाला एवढा मान देणारा मुलूख. त्याच मुलुखात ७९६ मुलांच्या मातीला कुणी गेलं नाही.

ट्यूम हे गॉलवे जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. १८४५ला बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली, त्याहून जास्त जहाजात बसून गेली. त्या काळात निराधारांना राबवून घेऊन खायला घालणारी वर्कहाऊसं जागोजागी होती, त्यातलं एक ट्यूमला. पुढं त्याच दगडी इमारतीत १९२५ ते १९६१ बॉन सेकूर पंथाच्या नन्सनी कुमारी मातांचं ‘होम’ चालवलं. पैसा सरकारी. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरीला घरचे नाहीतर गावचा पाद्री तिथं पोचवायचा. बाळंत व्हायचं, वर्षभर धुणीभांडी करत राहायचं आणि मग एकटीनं बाहेर पडायचं. मूल तिथंच. कुणी दत्तक जायचं, कुणाला शेतकऱ्याच्या घरी ठेवून द्यायचे. पोराच्या बापाला मात्र कुठल्याही होममध्ये राहावं लागलं नाही.

होमची पोरं गावच्या शाळेत यायची. जाडजूड बूट वाजवत, इतरांच्या नंतर यायची आणि इतरांच्या आधी परत नेली जायची. मधल्या सुट्टीत त्यांच्याशी कुणी खेळू नये म्हणून ही व्यवस्था. त्या शाळेत कॅथरीन कॉर्लेस नावाची मुलगी होती. तिनं एकदा गोळीच्या रिकाम्या कागदात काहीच न घालता तो नीट गुंडाळला आणि होममधल्या एका मुलीला दिला. सगळ्यांना हसू आलं. ही गोष्ट तिनं स्वतःच पुढं सांगितली, म्हणून मी लिहितोय.

होम बंद पडलं, पाडलं, तिथं घरकुलं झाली. १९७०च्या दशकात दोन पोरांना खेळताना सिमेंटच्या फरशीखाली पोकळी दिसली, आत हाडं. गाव म्हणालं, दुष्काळातली असणार. आजूबाजूच्यांनी तिथं गवत राखलं, मेरीची मूर्ती ठेवली. कुणी वाईट वागलं नाही, पण विचारलंही कुणी नाही.

कॉर्लेसबाई शेतकऱ्याच्या घरातली. पदवी नाही, पीएचडी नाही. स्थानिक इतिहासाच्या संध्याकाळच्या वर्गाला गेली होती एवढंच. तिथल्या इतिहास मंडळाच्या वार्षिकात होमवर एक लेख लिहावा म्हणून तिनं नकाशे काढले. जुन्या नकाशात मैलापाण्याच्या टाकीची जी जागा, तीच हाडांची जागा. मग ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेली आणि होममध्ये मेलेल्या मुलांची नावं मागितली. यादी आली ७९६ची. एकेका दाखल्याचे पैसे भरून तिनं ते सोडवले. कारणं आपण जुन्या दप्तरात वाचतो तशीच : गोवर, क्षय, न्यूमोनिया, आकडी, अशक्तपणा. मग ही नावं घेऊन ती आजूबाजूच्या दफनभूमींच्या वह्या तपासत बसली. नावं जवळपास मिळालीच नाहीत.

तिनं लिहिलं तेही एवढंच. मुलं मेल्याची नोंद आहे, पुरल्याची नाही. लेख २०१२ला छापून आला आणि कुणी फारसा वाचला नाही. २०१४ला वर्तमानपत्रांनी उचलला तेव्हा मथळे असे आले, की जणू बाईनं आठशे सांगाडे स्वतः मोजलेत. मग ते मथळे खोडून काढणारे उभे राहिले आणि बाईलाच खोटी ठरवायला निघाले. तिनं यादी पुढं धरली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. ३ मार्च २०१७ला आयोगानं जाहीर केलं, की जमिनीखालच्या कप्प्यांत लहान मुलांचे अवशेष मोठ्या संख्येनं आहेत आणि ते होमच्याच काळातले आहेत. जानेवारी २०२१च्या अंतिम अहवालात अशा १८ संस्था आणि त्यांत मेलेली सुमारे ९,००० मुलं आहेत. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, नन्सनीही मागितली. खोदायला मात्र जुलै २०२५ उजाडावा लागला.

आयोग म्हणतो, मुख्य जबाबदारी त्या मुलांच्या बापांची आणि मुलींच्या घरच्यांची. सरकार आणि चर्च त्यांच्या पाठीशी होतं. हे वाचून अशा होममधून जगून बाहेर पडलेले लोक चिडले, आणि मला त्यांचं पटतं. घरचे निर्दयी झाले खरे, पण पाद्री रविवारी काय बोलेल याची धास्ती घेऊनच झाले. निर्णय घ्यायचा वर आणि पाप वाटून द्यायचं खाली, हा कागद मी नोकरीत पुष्कळ वेळा वाचलाय.

प्रश्न : परदेशातली हाडं मोजता तात्या, आपल्या म्हैसाळचं काय?
— एक वाचक, मिरज तालुका

रागानं विचारलंत, पण बरोबर विचारलंत. तारखा शेजारी ठेवून बघा. आयोगानं ट्यूमचं जाहीर केलं त्याला दोन दिवस होतात न होतात, तोच म्हैसाळजवळ जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. बेकायदा गर्भपातात एक विवाहिता गेली, तिचा तपास करताना पोलीस तिथवर पोचले. त्या आठवड्यात पुतणीनं तिकडची बातमी मला पाठवली आणि मी इकडची तिला. दोघांनीही वर काही लिहिलं नाही.

फरक एवढाच, की ट्यूमच्या पोरांना निदान नावं होती. कुणीतरी शाईनं लिहून ठेवली होती, म्हणून कॉर्लेसबाईला ती सापडली. इकडच्या एकोणिसांसाठी कुठल्याही कचेरीत जाऊन अर्ज करता येणार नाही. त्यांची नोंद शोधायची तर जनगणनेत शोधावी लागते, तीही उलटी, रिकाम्या जागेवरून. २०११ला सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८७० मुलीही नव्हत्या. साताऱ्याचं फार बरं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नाव असलेल्या २८५ मुलींची समारंभानं नवी नावं ठेवली. चांगलं काम झालं. पण शाळेच्या हजेरीत रोज ते नाव पुकारलं जात होतं, रेशनकार्डावर होतं. मास्तरांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना, आम्हा कारकुनांना. सगळ्यांना ऐकू येत होतं.

दोन्हीकडं मुळाशी अब्रूच आहे. तिकडं बिनलग्नाच्या आईची, इकडं हुंडा मोजणाऱ्या बापाची. आणि दोन्हीकडं कुणीतरी शिकलेलं, पांढऱ्या कपड्यातलं माणूस काम उरकून द्यायला हजर.

प्रश्न : गावाचा इतिहास लिहायला घेतलाय. नाना पाटलांच्या प्रतिसरकारात आमच्या गावाचा मोठा सहभाग होता. काही भानगडीही आहेत : देवस्थानच्या जमिनीची, आणि एका घराण्यातल्या बाईची. काय घालू, काय गाळू?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

जमिनीची घाला, बाईची गाळा.

जमिनीला फेरफार आहेत, सात-बारा आहे, इनामाचे कागद आहेत. नक्कल काढा, फेरफाराचा नंबर टाका, विशेषण एकही नको. ‘लुबाडली’ लिहिलंत तर वाद होईल. ‘अमुक साली अमुक नंबरच्या फेरफारानं नावावर झाली’ लिहिलंत तर समोरच्याला वाद घालायला जागाच उरत नाही. बाईच्या भानगडीला कागद नसतो, नुसती पारावरची चव असते, आणि तिची नातवंडं गावात राहतात. कॉर्लेसबाईनं मुलांची नावं छापू दिली. कुठली पोर कुणामुळं तिथं पोचली याच्या गप्पा तिला गावात हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या.

प्रतिसरकारावर लिहिताना एक विनंती. शेणोलीला रेल्वे लुटली, धुळ्याला खजिना लुटला, हे सगळे लिहितात. तुम्ही न्यायदान मंडळांचं लिहा. तुमच्या गावात कुठले तंटे मिटवले, कुणाला दंड झाला, कुणाचं गहाण सुटलं? आयरिश लोकांनीही १९२०मध्ये इंग्रजांची कोर्टं ओस पाडून गावोगाव स्वतःची चालवली. त्यात बहुतेक तक्रारी बांधाच्या आणि कुरणाच्या. देश स्वतंत्र करायला निघालेल्या माणसांपुढं शेजाऱ्यानं सरीभर बांध कोरल्याचा दावा येतो आणि ते रात्री कंदिलाच्या उजेडात तो निकाली काढतात, याहून गावचा इतिहास आणखी काय असतो?

प्रश्न : तिकडं साखर कारखाने आहेत का? सहकारी का खाजगी? काटा मारतात का?
— एक ऊस उत्पादक सभासद, वाळवा तालुका

होते. आता एकही नाही. ऊस तिथं येत नाही, बीट यायचं. १९२६ला कार्लोला पहिला कारखाना झाला, १९३४ला सरकारी कंपनीनं आणखी तीन काढले. त्यातला एक, तुम्हाला नवल वाटेल, याच ट्यूम गावात. म्हणजे होमच्या भिंतीआड पोरं मरत होती त्याच वर्षांत गावाच्या दुसऱ्या टोकाला गाळप हंगाम चालू होता, बीटाच्या गाड्या येत होत्या, हातात पैसा होता. ट्यूमचा कारखाना १९८०च्या दशकात बंद पडला. १९९१ला सरकारनं कंपनीचे शेअर बाजारात आणले आणि त्याच वर्षी वितरण कंपनीतल्या एका व्यवहारावरून कंपनीच्या प्रमुखाला घरी जावं लागलं. युरोपनं साखरेचं धोरण बदललं आणि २००६ला शेवटचा, मॅलोचा कारखानाही थंडावला.

सहकार तिकडं साखरेत नव्हे, दुधात. होरेस प्लंकेटच्या प्रेरणेनं १८८९ला लिमरिक जिल्ह्यात पहिली सहकारी डेअरी निघाली, तो वारसा अजून जिता आहे.

काट्याचं, म्हणजे वजनात मारण्याचं, म्हणाल तर बीटाला चिकटलेल्या मातीची घट धरायचे. घट किती धरायची हे कोण ठरवणार, यावरून शेतकरी आणि कारखाना यांचं कधी पटलं असेल असं तुम्हाला तरी वाटतं का?

प्रश्न : सातवीच्या मुलांकडून गावाचा इतिहास गोळा करून घ्यायचा आहे. मोडी कुणालाच येत नाही. कुठून सुरुवात करू?
— एक शिक्षिका, पाटण तालुका

बाई, मोडी सध्या बाजूला ठेवा. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं मोडी वाचणाऱ्यांना सध्या सवड नाही, आणि मुलांना ती लागतही नाही. आधी घरातली म्हातारी माणसं वाचून घ्या, ती जास्त दिवस टिकणारी नाहीत.

आयर्लंडनं हे १९३७ ते १९३९ या काळात केलं. पाचेक हजार शाळांतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या सुमारे पन्नास हजार मुलांना सांगितलं, की घरी जा, आजी-आजोबांना विचारा, वहीत लिहून आणा. पवित्र विहिरी, पुरलेलं धन, घरगुती औषधं, लोणी घुसळणं, पावसाचे अंदाज, दुष्काळाच्या आठवणी. त्या वह्या आज कुणालाही घरबसल्या वाचता येतात. मुलांची वळणदार अक्षरं, कोपऱ्यात सांगणाऱ्याचं नाव. मी पुतणीच्या फोनवर एका मुलीचं पान वाचलं, दुष्काळात गल्लीतलं कुठलं घर ओस पडलं याचं. इंग्रजी अगदी साधं, आपल्यालाही लागतं.

पाटणला विषयांना तोटा नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण कुठं झोपलं होतं. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांतून कोण कुठं उठून गेलं, देव कुणी नेला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला कुठं जायचे, सुकडी कुठं वाटायचे, तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची. इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरायला, किती बैल जमायचे आणि जेवायला काय असायचं. मुंबईला गिरणीत घरटी कोण गेलं, कुठल्या खोलीत राहिलं.

दोन विषय मुलांना जपून द्या, पण द्या. एक, आजीला झालेली सगळी मुलं, जगलेली आणि न जगलेली, त्यांची नावं. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, मुलाची आई कोण हे सापडायचं नाही आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘मुलगी’ एवढंच सापडेल, म्हणून हे आजीकडूनच यायला हवं. ती बोलणार नाही म्हणाली तर वही मिटायची, हेही मुलांना आधी सांगा. दोन, गावात लहान मुलांना कुठं पुरायचे. ओढ्याकाठी असेल, कुणाच्या बांधाला असेल. आता तिथं काय आहे ते मुलांनी स्वतः जाऊन बघावं.

वह्या शंभरपानी घ्या, सुटे कागद नकोत, ते पहिल्या पावसाळ्यात जातात. लिहायला बॉलपेन. प्रत्येक पानावर सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर आणि वाडी लिहून घ्या. आणि पोरांनी भाषा ‘शुद्ध’ करून आणली तर परत पाठवा.