बापाने रेडिओवर बसावं का?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा भाचा फॉर्म्युला ४ मध्ये, म्हणजे एकआसनी शर्यतींच्या सुरुवातीच्या पायरीवर, शर्यती करतो. टीम घरचीच, गाडी एकच. माझा भाऊ इंजिनिअर म्हणून रेडिओवर असतो, वहिनी टायर आणि हिशेब बघते, मी डेटा (गाडीत नोंदलेले वेग, ब्रेक यांचे आलेख) बघते. एक पगारी मेकॅनिक आहे. सरावात भाचा पुढे असतो, क्वालिफाइंगमध्ये (शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या सत्रात) मागे पडतो. मग भाऊ रेडिओवर चिडतो आणि पोरगा गप्प होतो. तीन गाड्या असलेल्या एका टीमने त्याला जागा देऊ केली आहे. भाऊ म्हणतो, "माझा मुलगा मला कळतो." काय करावं?
— एक आत्या

उत्तर : आत्याबाई, भावाला मुलगा कळतो हे मान्य. पण हेल्मेटच्या आत बसलेल्याला बापाचा साधा "ब्रेक उशिरा मार" हासुद्धा "कालपण सांगितलं होतं" असाच ऐकू येतो. पिटच्या भिंतीवर बसून मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता बाप रेडिओवर दिसला की आधी मुलाच्या ब्रेकचा आलेख उघडते. बहुतेकदा बोलणं झाल्यावरच्या पहिल्याच वळणावर काहीतरी बिघडलेलं असतं.

रेडिओ तुम्ही घ्या. डेटा तुमच्याकडे आहे आणि चिडायचा हक्क तुमच्याकडे जरा कमी आहे. बोलायचं ते सरळ रेषेत: पुढे किती अंतर आहे, मागून कोण येतंय, कुठला झेंडा आहे, किती वेळ उरलाय. वळणात एक शब्द नाही. भावाला ट्रॅकच्या कडेला उभं करा, रेडिओशिवाय. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कुठे उघडतो, गाडी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर) कुठे उतरते, हे तिथून कानांना आणि डोळ्यांना जेवढं कळतं तेवढं स्क्रीनवर कळत नाही. ही शिक्षा नव्हे, खरंच कामाची जागा आहे.

आता क्वालिफाइंग. सरावात चांगला आणि तिथे मागे, हे ऐकलं की मी पोराच्या आधी टायरकडे बघते. वहिनींना विचारा, दोन्ही वेळा गार टायरमध्ये हवा किती भरता? सारखीच असेल तर बरंचसं उत्तर तिथेच सापडेल. लांब सरावात टायर तापत जातो आणि हवेचा दाब चढत जातो, म्हणून सुरुवातीला तो कमी ठेवतात. क्वालिफाइंगमध्ये नवा टायर पहिल्या काही लॅपमध्येच (ट्रॅकच्या फेऱ्यांत) सगळं देऊन टाकतो. तेवढ्यात दाब हवा तिथे पोहोचलाच नाही, तर उत्तम पकडीचा लॅप वाया जातो. तेव्हा गार दाब थोडा जास्त ठेवून सुरुवात करायची. मोजमाप कायम एकाच गेजने. गाडी आत आली की लगेच चारही टायर मोजा आणि ट्रॅकचं तापमान शेजारी लिहा. उन्हाच्या बाजूचे टायर उभ्या गाडीतही जास्त तापलेले असतात, तेही ध्यानात धरा.

दुसरी जागा म्हणजे ब्रेक. कार्टमधून (लहान, बिनपंखांच्या गाड्यांतून) आलेली मुलं पेडल हळूहळू दाबत नेतात. पंख असलेल्या गाडीत उलटं करायचं: वेग जास्त असताना हवा गाडीला खाली दाबते, तेव्हाच पहिला दाब जोरात मारायचा आणि वेग उतरेल तसा पाय सोडत यायचं. ब्रेक-प्रेशरच्या आलेखात उभा कडा आणि मग उतार दिसायला हवा. तुमच्याकडे टेकडी दिसत असेल, तर नव्या टायरची पकड वापरलीच जात नाही.

एका गाडीच्या टीमचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे: तुलना कोणाशी करणार? मोठ्या टीममध्ये शेजारच्या गाडीचा आलेख आपल्यावर ठेवला की दहा मिनिटांत कळतं कुठे वेळ जातोय. तुम्हाला टायमिंग शीटमधल्या सेक्टरच्या (ट्रॅकच्या एकेका भागाच्या) वेळा आणि टॉप स्पीड यांवर भागवावं लागेल. नियमांत बसत असेल तर चाचणीच्या दिवशी एखाद्या अनुभवी चालकाला तुमच्याच गाडीत काही लॅप मारू द्या. तो एक लॅप मोसमभर पुरतो.

म्हणून तीन गाड्यांच्या टीममधली ती जागा घ्यावी, असं माझं मत. फॉर्म्युला १ चा विश्वविजेता मॅक्स फेरस्टापेन याचे वडील योस मुलाच्या कार्टची इंजिनं स्वतः तयार करायचे, पण मॅक्स २०१४ मध्ये फॉर्म्युला ३ ला आला तो व्हॅन अ‍ॅमर्सफोर्टच्या टीममधून, जिच्यासाठी योस स्वतः धावले होते. अँजेलो रोझिन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली प्रेमा टीमही रोझिन कुटुंबाने वाढवली. पण २०१७ मध्ये तिच्या गाडीतून फॉर्म्युला २ जिंकला तो शार्ल लक्लेर, म्हणजे दुसऱ्याचा मुलगा! करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या: शेजारच्या गाड्यांचा डेटा पूर्ण बघायला मिळेल, आणि मोडतोडीचा खर्च कोणाचा. भाऊ रागावेल. रागावू दे, वहिनींना आधी विश्वासात घ्या.

प्रश्न : माझी मुलगी अंगाने हलकी आहे. शर्यतीत याचा फायदा होतो ना?
— एक आई

उत्तर : काट्यावर नाही. किमान वजन गाडी आणि चालक मिळून धरतात, कमी भरलं तर वजनाचे तुकडे बसवावे लागतात. फायदा असलाच तर ते कुठे बसवता यात आहे: नियम देतात त्या जागी, शक्य तितकं खाली, बोल्टने घट्ट. नंतर मुलीला हेल्मेटसकट सीटमध्ये बसवून, सपाट जमिनीवर, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) सोडवून चारही चाकांचं वजन पुन्हा जुळवा. आणि एकूण वजन टाकी जवळपास रिकामी असताना बघा. शर्यत संपल्यावर काट्यावर जाते ती तीच गाडी.