घरात वाढवलेली वांगी-मिरचीची रोपं गच्चीवर नेली की का मरतात? (नागपूर)

बहुतेक वेळा घाई नडते. घरातल्या रोपाची पानं कोवळी असतात, त्यांना ना ऊन माहीत ना वारा. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन माणसाला सोसत नाही, तिथं चार पानांच्या वांग्याची काय कथा!

मीही एकदा सगळा ट्रे सकाळी गच्चीवर ठेवून कामाला गेलो. संध्याकाळी पानं कागदासारखी पांढरी पडलेली, कडा कुरकुरीत. पाणी भरपूर होतं, तरी गेलीच.

आता मेच्या मध्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखतात बी टाकतो. वांगं आठवड्याभरात उगवतं, मिरची जरा नखरेल, दहा-बारा दिवस घेते. कोंब दिसला की ट्रे लगेच पूर्वेच्या खिडकीत हलवा. अंधारात राहिली तर रोपं उंच, बारीक होतात आणि मान टाकतात. कूलरसमोर तर मुळीच नको: त्या दमट हवेत माती वाळतच नाही, मग खोड बुडाशी काळं पडून रोप आडवं होतं. हे पाणी जास्त झाल्याचं लक्षण, कमी झाल्याचं नव्हे. (आमच्याकडे सगळे नेमकं उलट समजून आणखी पाणी घालतात.)

चार-पाच खरी पानं (कोंबासोबत येणारी पहिली दोन सोडून) आली की बाहेर काढा, पण पहिल्या दिवशी फक्त सकाळचा एक तास. रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. या काळात पाणीही थोडं कमी द्यायचं. कुंडीत लावायचं ते मृग बरसल्यावर, ढगाळ दिवशी संध्याकाळी.