वडिलांच्या वहीतील मरणाची कविता

“बाबांनी स्वतःच्या मरणावर कविता लिहिली आहे. ते जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाहीत ना?” असे विचारत एक मुलगी वडिलांची वही त्यांच्या नकळत उचलून माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील 72 वर्षांचे, निवृत्त शिक्षक, पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते.

कविता अष्टाक्षरीत होती. खांदा देणारे शेजारी हळूच घड्याळ पाहतात, असे त्यात वर्णन होते. एका ओळीत ‘तिरडी’ खोडून ‘पालखी’ केले होते आणि तेही खोडून पुन्हा ‘तिरडी’. शब्दासाठी इतका अडून बसणारा माणूस लिहिण्यात रमलेला असतो, असे मला वाटले. पण तेवढ्यावर निर्धास्त होणे योग्य नव्हते. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ म्हणणाऱ्या तुकोबांपासून ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ लिहिणाऱ्या भा. रा. तांब्यांपर्यंत आपल्याकडे स्वतःचे मरण कवितेत आले आहे, त्यामुळे नुसत्या कवितेवरून मी निदान करत नाही. झोप आणि भूक कशी आहे, वस्तू वाटून टाकणे सुरू आहे का, ‘मी तुम्हाला ओझं झालोय’ असे बोलणे वाढले आहे का, हे मी विचारते.

वही उचलल्याचे मुलीने आधी त्यांना सांगावे, असे मी सुचवले. ते रागावले, पण आले. एकांतात मी त्यांना सरळ विचारले, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते.

“तसं नाही हो,” ते म्हणाले, “पण रक्तदाबाची गोळी महिनाभर घेतलेली नाही. घ्यायची कुणासाठी?”

हे कवितेत कुठेच नव्हते. त्यांच्या संमतीने मी मुलीला आत बोलावले, त्याच आठवड्यात फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी ठरवल्या आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा दिवसरात्र चालणारा मोफत क्रमांक, 14416, दोघांच्या फोनमध्ये नोंदवून घेतला.

तिसऱ्या भेटीत त्यांनी कविता मुलीला मोठ्याने वाचून दाखवली. “घड्याळ पाहणारे म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका ना?” तिने विचारले. “ते खांदा द्यायला खाली उतरतील तर ना!” म्हणत त्यांनी पेन मागितले आणि ती ओळ खोडली.